दोघांचे मिळून एक दुखणे

गेल्या दिवाळीत मुलगा आणि सूनबाई पुण्याहून बडोद्यास आली होती. पाडव्याची जेवणे झाल्यावर मी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत होतो. सहज विचारले, "काय रे, दर बुधवारी संध्याकाळी फोन केला, तर तुम्हा दोघांपैकी एकही तो उचलीत नाही. असता तरी कुठे?" मुलाने बायकोकडे पाहिले. ती क्षणभर थांबली आणि सरळ म्हणाली, "बाबा, आम्ही दोघे मिळून एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे जातो. चार महिने झाले."

अडकित्ता हातातच राहिला. मी विचारले, "बरे कोणाला नाही?"

"तसे कोणालाच नाही," ती म्हणाली. "आमच्या दोघांचे मिळून जे काही आहे ना, त्याला बरे नाही."

हे उत्तर मला त्या वेळी मुळीच कळले नाही. जाणवला तो फक्त अपमान. चाळीस वर्षे मी या शहरात वकिली केली. नवराबायकोची भांडणे हा माझ्या धंद्याचा मोठा भाग. किती जोडप्यांना मी समोरासमोर बसवून मिटवामिटव करून दिली असेल, आणि माझ्याच घरची माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन परक्या बाईंकडे जातात, तेही पैसे मोजून! "त्या सांगतात तरी काय?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "सांगत फारसे काही नाहीत. विचारतात. पुष्कळसे ऐकतात." "मग फी कसली घेतात?" या माझ्या प्रश्नावर आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, पुरे आता. पोरांना जरा पडू द्या." विषय तिथेच थांबला.

वकिलाला एक खोड असते. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढायचे, तर आधी त्याचे कागद नीट वाचावे लागतात. मुले पुण्यास परतल्यावर मी या विषयावरची पुस्तके मिळवून वाचावयास बसलो, ते हेतू चांगला नव्हता म्हणूनच. पण वाचता वाचता माझ्याच बाजूचा दावा कच्चा होत गेला. तो कसा, हे आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

मनोविश्लेषणाचे आद्य आचार्य सिग्मंड फ्रॉइड यांची पद्धत एका वेळी एका रोग्याची. रोगी कोचावर पडून मनात येईल ते बोलणार, आणि वैद्य मागे बसून ऐकणार. रोग्याच्या नातलगांविषयी फ्रॉइडसाहेबांचे मत फारसे चांगले नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी घरची सारी मंडळी टेबलाभोवती उभी राहून मध्ये नाक खुपसू लागली, तर किती शस्त्रक्रिया यशस्वी होतील, असा सवाल त्यांनी आपल्या व्याख्यानांत केला आहे. तेव्हा नवराबायकोला एकाच खोलीत बसवून मनोविश्लेषण करावे, ही कल्पना त्या घराण्यात सहजासहजी शिरणारी नव्हती. न्यूयॉर्कचे डॉ. ओबर्नडॉर्फ यांनी १९३८ साली विवाहित जोडप्यांच्या विश्लेषणावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९४८ साली बेला मिटेलमन यांनी एकाच काळात पतीपत्नी दोघांचेही विश्लेषण केल्याची हकिकत मांडली. पण तीही दोघांना वेगवेगळ्या वेळी भेटूनच.

खरी सुरुवात झाली ती लंडनमध्ये, आणि तीही डॉक्टरांच्या दवाखान्यात नव्हे. दुसरे महायुद्ध संपले, शिपाई घरोघरी परतले, आणि पाच-सहा वर्षे एकमेकांवाचून जगलेली माणसे पुन्हा एका छपराखाली आली. युद्धापूर्वी इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला सहा-सात हजार घटस्फोट होत. १९४७ साली तो आकडा साठ हजारांच्या घरात गेला. त्या काळी फॅमिली वेल्फेअर असोसिएशन नावाची एक जुनी धर्मादाय संस्था गोरगरीब कुटुंबांत काम करीत असे. एनिड आयकोल्झ नावाच्या बाई तेथे होत्या. बॉम्बवर्षावात घरे गमावलेल्या लोकांना सल्ला देण्याच्या कामाचा त्यांना अनुभव होता. त्यांच्या ध्यानात आले, की माणसे येतात ती घरभाड्याची, रेशनची, मुलाच्या शाळेची तक्रार घेऊन, पण थोडे बोलू दिले की खाली दुसरेच काही निघते, आणि ते बहुधा नवराबायकोमधले असते. १९४८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामासाठी एक छोटी शाखा उघडली. नाव ठेवले 'फॅमिली डिस्कशन ब्युरो'. कुटुंबाविषयी बोलण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ. नावात रोगही नाही आणि उपचारही नाही.

या शाखेत काम करणारी मंडळी समाजकार्यकर्ती होती, आणि त्यांत स्त्रियाच पुष्कळ होत्या. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या लिली पिंकस या त्यांपैकीच एक. आपल्याला माणसांची दुःखे ऐकता येतात, पण त्यांचे काय करावे हे कळत नाही, असे वाटून या बायका टॅव्हिस्टॉक येथील मनोविश्लेषकांकडे मदत मागावयास गेल्या. तेथे मायकेल बॅलिंट या हंगेरियन डॉक्टरांशी गाठ पडली. पुढे १९५३ साली एनिडबाईंनी त्यांच्याशीच विवाह केला आणि त्या स्वतः मनोविश्लेषक म्हणून एनिड बॅलिंट या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १९५५ आणि १९६० साली या ब्युरोने आपल्या अनुभवांची दोन पुस्तके काढली. १९६८ साली त्याचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ मॅरिटल स्टडीज' असे झाले. त्यानंतरही नावे बदलली, पण परंपरा तीच राहिली.

त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. जोडपे आले, की नवऱ्याला एक कार्यकर्ता भेटे व बायकोला दुसरी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पाऊण-एक तास. मग ते दोन कार्यकर्ते एकमेकांशी बोलत. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. एरवी एकमेकांशी चांगले असणारे हे दोघे कार्यकर्ते त्या जोडप्याविषयी बोलताना भांडू लागत! एकाला वाटे, "या बाईने बिचाऱ्याला छळले आहे." दुसरीला वाटे, "हा माणूस दगड आहे दगड." जे भांडण त्या घरात चालले होते, तेच या दोघांच्या टेबलावर येऊन बसे. सुरुवातीला ही त्यांना आपली चूक वाटली असेल. हळूहळू उमगले, की हीच बातमी आहे. जे त्या नवराबायकोला शब्दांत सांगता येत नाही, ते त्यांनी ऐकणाऱ्यांच्या अंगात भरले आहे. पुढे या संस्थेतील जॅनेट मॅटिन्सन यांनी १९७५ साली यावर एक पुस्तकच लिहिले. आरशातल्या प्रतिबिंबासारखी ही क्रिया असल्यामुळे तिचे नावही तसेच पडले आहे.

हे वाचले आणि मला माझ्या ऑफिसातली जुनी खुर्ची आठवली. प्रतिपक्षाच्या वकिलाशी, एरवी ज्याच्याबरोबर रोज चहा घ्यावा अशा मित्राशी, मी कित्येक घटस्फोटाच्या कज्जांत इतका हमरीतुमरीवर आलो आहे, की पक्षकार मिटवावयास तयार आणि वकील तयार नाहीत अशी वेळ यावी. मला वाटे, ही माझी निष्ठा. आता वाटते, आम्ही दोघे त्यांचे भांडण अंगावर घेऊन नाचत होतो.

या साऱ्याच्या मुळाशी जी कल्पना आहे, ती मेलानी क्लाइन या विदुषींनी १९४६ साली मांडली. लहान मूल आपल्या मनातले जे सोसवत नाही, ते मनाच्या बाहेर टाकते, आणि ते समोरच्या माणसात आहे असे मानते. राग माझा नाही, तो आईचा आहे. पुढच्या विचारवंतांनी यात मोलाची भर घातली. नुसते मानून भागत नाही. आपल्या वागण्याबोलण्याने आपण समोरच्याला असे काही ढकलीत नेतो, की ती भावना त्याला खरोखरच होऊ लागते. शास्त्रातले हे मोठे अवघड प्रकरण आहे. पण माझ्या घरातच त्याचा दाखला मिळाला नसता, तर ते मला कधीच पटले नसते.

आमच्या घरात चिंता करण्याचे खाते सौभाग्यवतींकडे आणि स्वस्थ राहण्याचे माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासून आहे. मुलगा रात्री उशिरापर्यंत आला नाही, की ती खिडकीशी उभी राहावयाची आणि मी कूस बदलून घोरू लागावयाचे. "तुम्हांला काही वाटतच नाही," असे तिने म्हणावे, आणि "तू वाटून घेतेसच इतके, की माझ्यासाठी काही उरत नाही," असे मी म्हणावे. पाहुण्यांपुढे हा विनोद मी शेकडो वेळा केला असेल. पुढे मुलीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने इंदूरला गेली. तिसऱ्याच रात्री मी तीनदा उठून गॅसचे बटण पाहिले. दाराची कडी पाहिली. मुलाचा फोन लागला नाही, तर रात्री अकरा वाजता त्याच्या मित्राला उठवले. दोन महिन्यांत मला धड झोप म्हणून लागली नाही. ती परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून मी पूर्ववत घोरू लागलो. त्या वेळी मी याचा दोष वयाला दिला. आता कळते, की माझी सगळी काळजी तीस वर्षे ती वाहत होती, आणि वर त्याबद्दल माझी थट्टाही सोसत होती. तिचे स्वस्थपण मात्र माझ्याकडे अडकून पडले होते.

जोडप्यांच्या बाबतीत या विचाराची मोठी बांधणी डॉ. हेन्री डिक्स यांनी केली. टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील या मानसोपचारतज्ज्ञांचा वैवाहिक ताणांवरचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोन माणसे एकमेकांशी तीन थरांवर बांधलेली असतात. पहिला थर समाजाचा, म्हणजे जातपात, शिक्षण, चालीरीती. दुसरा थर जाणत्या मनाच्या अपेक्षांचा, म्हणजे नवरा कसा असावा, बायको कशी असावी. आणि तिसरा थर नेणिवेचा. आपल्यातला जो भाग आपण लहानपणीच दडपून टाकला, तो दुसऱ्याच्या रूपाने पुन्हा भेटावा अशी ओढ तेथे असते. शिस्तीत वाढलेला तरुण एखाद्या मुलीच्या मोकळेपणावर भाळतो. पाच वर्षांनी तोच मोकळेपणा त्याला 'बेशिस्त' वाटू लागतो. माणूस तोच आणि गुणही तोच. फरक इतकाच, की जे आपल्यात दडपले तेच आता रोज समोर वावरते, आणि त्याला पुन्हा दडपावेसे वाटते. मौज अशी, की समोरचाही हा खेळ तितक्याच नेटाने खेळत असतो. दोघांनी न बोलता केलेला हा करार असतो, आणि त्यावर सही दोघांचीही असते.

कोणी म्हणेल, हे प्रेमविवाहाला लागू. आमचे लग्न पत्रिका जुळवून झाले, त्यात नेणिवेने निवड केली कुठे? ही शंका मलाही आली. मला वाटते, निवड एकदा बोहल्यावर होते आणि मग रोज स्वयंपाकघरात होत राहते. दोन अनोळखी माणसे एका घरात राहू लागली, की पहिल्या चार-दोन वर्षांतच कामांप्रमाणे भावनाही वाटल्या जातात. कोणी रागवायचे, कोणी रडायचे, कोणी पैशाची भीती बाळगावयाची आणि कोणी हात सैल सोडावयाचा. पत्रिकेत हे लिहिलेले नसते. ते आपणच लिहितो.

आपल्या मराठी रंगभूमीला ही गोष्ट नवी नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकातील फाल्गुनराव आणि कृत्तिका आठवा. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती पाहताना तिला फाल्गुनराव पाहतो. झाले! दोघेही निर्दोष, आणि दोघेही एकमेकांचे फिर्यादी. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाला लोक आजही पोट धरधरून हसतात. योगायोग असा, की सहाच वर्षांनी, १९२२ साली, फ्रॉइड यांनी मत्सरावर एक निबंध लिहिला. आपल्याच मनातला चोरटा मोह जोडीदारावर लादला, की त्यातून एक प्रकारचा संशय जन्मतो, असे त्यांनी त्यात दाखवले आहे. देवलांची तसबीर ही नुसती कागदाची तसबीर राहत नाही. ज्याच्या मनात जे असेल, ते त्याला तिच्यात दिसते. फरक एवढाच, की नाटकात शेवटच्या अंकात घोटाळा उलगडतो. घरात शेवटचा अंक लिहिणारा कोणी नसतो.

आता माझ्या एका पराभवाची कथा सांगतो. नावगाव सांगत नाही, आणि तपशीलही थोडा बदलला आहे. एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. तो म्हणे, ही उधळी आहे. ती म्हणे, हा कवडीचुंबक आहे. मी त्यांना माझ्या ऑफिसात चार वेळा बसवले आणि अकरा कलमांचा करारनामा करून दिला. घरखर्चाला महिना इतके, तिच्या हातखर्चाला इतके, माहेरी जाणे महिन्यातून दोन रविवार, सासूबाईंच्या औषधाची बिले वेगळी. दोघांनी सह्या केल्या. त्या दिवशी मी मोठ्या समाधानाने घरी आलो. आठ महिन्यांनी ती दोघे परत आली ती वेगळी होण्यासाठी. करार मोडला तो कुठे, तर दिवाळीच्या एका पणत्यांच्या खरेदीवर. रक्कम सांगितली तर वाचक हसतील. मीही तेव्हा रागावून म्हणालो, "एवढ्याशा गोष्टीवरून?" त्या मुलीने जे उत्तर दिले, ते मी आजवर विसरलो नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही पैशाचे सगळे लिहिलेत. पण पैसे खर्च केले की याला इतकी भीती का वाटते, हे तुम्ही याला एकदाही विचारले नाहीत. आणि खर्च केला नाही तर माझा जीव का घाबरा होतो, हे मलाही विचारले नाहीत."

खरेच मी विचारले नव्हते. तो प्रश्न माझ्या कायद्याच्या पुस्तकात नव्हता. जी दोघे पैशावरून भांडत होती, ती मुळात भीतीवरून भांडत होती. एकाने आपली भीती तिजोरीत ठेवली होती आणि दुसरीने आपली बाजारात. मी फक्त तिजोरी आणि बाजार यांच्यामध्ये कुंपण घालून दिले. सूनबाईंच्या त्या बुधवारच्या खोलीत काय चालत असेल, याची कल्पना मला आता येते. तेथे कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा होत नाही. बाई दोघांपैकी कोणाचेच वकीलपत्र घेत नाहीत. घेतलेच असेल, तर त्या दोघांमधल्या नात्याचे. हे नाते दोघांनाही दिसावे, त्यावर दोघांनी मिळून विचार करावा, आणि जे आपले होते ते आपले म्हणून परत घ्यावे, एवढाच खटाटोप असतो. लग्न टिकलेच पाहिजे असाही त्यांचा आग्रह नसतो. कधी कधी जोडपे वेगळे होते, पण मग निदान आपण कोणापासून वेगळे होत आहोत, हे त्यांना कळलेले असते.

याचा गुण येतो काय? वकील पुरावा मागणारच. अमेरिकेत डग्लस स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणऐंशी जोडप्यांवर एक प्रयोग केला. काही जोडप्यांना बोलण्या-वागण्याच्या चांगल्या सवयी शिकवणारी पद्धत दिली, आणि काहींना मनातील जुने धागे उकलणारी. उपचार संपले तेव्हा दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच ठरल्या. पण चार वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा पहिल्या पद्धतीच्या जोडप्यांत शेकडा ३८ विभक्त झाली होती आणि दुसरीत शेकडा ३. हा निकाल १९९१ साली प्रसिद्ध झाला. मात्र प्रतिपक्षाचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. सवयींच्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी आक्षेप घेतला, की आमची पद्धत तुम्ही अपुऱ्या स्वरूपात वापरलीत. शिवाय जोडप्यांची संख्याही लहानच. तेव्हा यावरून कोणी अंतिम निकाल देऊ नये. पण दावा प्रथमदर्शनी चालण्याजोगा आहे, इतके मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. 'भांडण दोघांचे असते' हे वाक्य फार धोक्याचे आहे. माझ्या ऑफिसात मार खाऊन आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. तिथे 'तुमचाही यात काही वाटा असेल' असे म्हणणे, म्हणजे पाठीवरच्या वळावर पुन्हा छडी मारणे होय. या पद्धतीवर स्त्रियांच्या चळवळीने हीच टीका केली, आणि ती योग्य आहे. जिथे हात उगारला जातो, तिथे आधी त्या बाईची आणि मुलांची सुरक्षितता पाहावयाची. त्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्याचा आधार घ्यावयाचा. दोघांना एका खोलीत बसवण्याचा विचार त्यानंतरचा, आणि तोही भीती उरली नसेल तरच. जिथे एकाला खरे बोलण्याचीच भीती वाटते, तिथे बोलून बरे होण्याची भाषा फोल आहे.

हे सारे विलायती आहे, आपल्या मातीत रुजेल काय, असेही कोणी विचारील. मनोविश्लेषण या देशात येऊन शंभरावर वर्षे झाली. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि त्यांच्याशी मतभेद सांगण्याचे धैर्यही होते. अलीकडच्या काळात सुधीर कक्कर यांनी भारतीय कुटुंबाच्या अंतरंगावर आयुष्यभर लिहिले. त्यांची शेवटची वर्षे गोव्यात गेली, आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. आपल्या एकत्र कुटुंबाला नवराबायकोच्या जवळिकीचीच भीती वाटते. मुलगा मुलगा राहावा, भाऊ भाऊ राहावा, पण तो फार 'नवरा' होऊ नये, अशी घराची मूक इच्छा असते. आणि तरीही दिल्लीच्या गरीब वस्तीतल्या स्त्रियांशी बोलताना कक्करांना आढळले, की त्यांच्या मनातले खरे स्वप्न 'जोडी'चे आहे. नवरा आणि आपण, या दोघांचे एक जग असावे, ही ती आस.

आमच्या बडोद्याने तर १९३१ सालीच, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. उरलेल्या देशाला त्यासाठी १९५५ सालापर्यंत बहुतांशी वाट पाहावी लागली. परस्परसंमतीने फारकत घेण्याची सोय १९७६ साली झाली, आणि १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये व त्यांतील समुपदेशक आले. वेगळे होण्याची वाट अशी हळूहळू बांधली गेली, आणि ती बांधली जाणे आवश्यकच होते. पण एकत्र राहून नीट पाहण्याची वाट कोणी बांधावयाची? ती आजवर आपण मोठ्या माणसांवर सोपवली होती. आणि मोठी माणसे म्हणजे कोण, तर माझ्यासारखी! जी म्हणतात, "भांड्याला भांडे लागायचेच." जी म्हणतात, "मूल झाले की सगळे ठीक होईल." जी अकरा कलमे लिहून देतात. आम्ही तिसरे होतो खरे, पण नुसते ऐकणारे तिसरे कधीच नव्हतो. आम्ही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मामा होतो. त्या पुण्याच्या बाई कोणाच्याच कोणी नाहीत, हीच त्यांची खरी पात्रता. त्यांची फी आता मला खुपत नाही.

मुले अजून दर बुधवारी जातात. त्यांचे काय ठरेल, हे त्यांनाही ठाऊक नसावे. आम्ही विचारीत नाही. बुधवारी संध्याकाळी सहा वाजले की माझा हात अजून सवयीने फोनकडे जातो, आणि मी तो मागे घेतो.

परवाच्या बुधवारी दिवा मालवल्यावर सौभाग्यवतींनी अंधारात विचारले, "काय होईल हो त्यांचे?"

नेहमीचे उत्तर जिभेवर तयार होते. "काही होत नाही, झोप तू." तेच मी तीस-पस्तीस वर्षे देत आलो आहे. पण त्या रात्री ते बाहेर आले नाही. मी म्हणालो, "मलाही फार भीती वाटते ग."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तुम्ही आधी कधी सांगितले नाहीत." आणि थोड्या वेळाने, आमच्या संसारात बहुधा पहिल्यांदाच, ती माझ्याआधी झोपली.